ऑर्डरची शेवटची ओळ

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

प्रोजेक्टवर ज्युनिअर रिसर्च फेलो म्हणून तुझ्या नेमणुकीची ऑर्डर आईने मोठ्याने वाचून दाखवली. ती महिना 37,000 रुपयांवर थांबली, मी शेवटच्या ओळीवर. ‘नेमणूक तात्पुरती, प्रकल्पाच्या मुदतीपुरती.’

एकतीस वर्षं मी बायोकेमिस्ट्रीच्या लॅबमध्ये काचसामान धुतलं, ते वाफेने निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्ह लावला. 121 अंश, 15 मिनिटं, झोपेत विचारलंस तरी सांगेन. तिथले शोधनिबंध कधी कळले नाहीत, पण ते लिहिणारी पोरं कळली. जेआरएफ, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलो, दोन तऱ्हेचे असतात हेही त्यांच्याकडूनच कळलं. एकाच टेबलावर काम, पैसेही तेवढेच. पण नेटची राष्ट्रीय परीक्षा देऊन सीएसआयआर किंवा यूजीसी या सरकारी संस्थांची फेलोशिप आणली, तर ती आपल्या नावावर असते: दोन वर्षं जेआरएफ, पुढे एसआरएफ, म्हणजे सीनिअर, मिळून पाच. प्रोजेक्टवरचा जेआरएफ गाईडला मंजूर झालेल्या पैशांवर असतो. तुझा प्रोजेक्ट तीन वर्षांचा. पीएचडीला यूजीसीच्या नियमाने कमीत कमी तीन, जास्तीत जास्त सहा. मधल्या वर्षांचं काय, हे तुझ्या गाईड मॅडमना पहिल्याच आठवड्यात विचार. लाजू नकोस.

आमच्याकडे एका मुलाचे सात महिने पैसे थकले होते. खर्चाचं युटिलायझेशन सर्टिफिकेट गेल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही, आणि ते सर्टिफिकेट अकाउंट्समध्ये कुणाच्या तरी सहीसाठी पडून होतं. पोरगा तरी रोज यायचा. पेशी वाढवायचं पोषक द्रव, मीडिया, बदलायला रविवारीसुद्धा. पेशींना काय कळणार, याचा पगार झाला नाही ते! दुपारी माझ्या डब्यातलं खायचा. आई तेव्हा दोन भाकरी जास्त बांधायची, आणि तू विचारायचीस, बाबांना हल्ली एवढी भूक कशी लागते?

एमआरएनए लसीमागच्या शास्त्रज्ञ कारिको बाईंचं उदाहरण तू फोनवर ऐकवलंस. 1995 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना खालच्या पदावर आणलं आणि 2023 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. खरं आहे. पण अनुदानाअभावी खाली आलेल्या आणि नोबेल न मिळालेल्यांच्या मुलाखती कोण घेतं? तू डिसेंबरच्या नेटचा फॉर्म भर. प्रोजेक्ट सांभाळून अभ्यास होतो, मी होताना पाहिलाय.

सिकलसेलच्या रुग्णांचं रक्त हाताळायचंय म्हणालीस. हेपॅटायटिस बीच्या लसीचा पहिला डोस रुजू व्हायच्या आधी घे, मग महिन्याने, मग सहाव्या महिन्यात. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही, घाई असली तरी. एथिक्स कमिटीचं पत्र आणि रुग्णांच्या संमतीच्या सह्या स्वतः बघ. ‘आहेत गं फाइलला’ यावर जाऊ नकोस. वही पेनाने लिही, फसलेला प्रयोगसुद्धा. चुकलं तर एकच आडवी रेघ.

पुण्यातल्या खोलीचं डिपॉझिट मी भरतो. पहिले तीन महिने पैसे येणार नाहीत असंच धरून चाल.

त्या मुलाला काल फोन केला होता. आता औषध कंपनीत आहे, बरं चाललंय. तुझं सांगितलं तर म्हणाला, “काका, जॉइनिंग रिपोर्ट तिला स्वतः अकाउंट्सला नेऊन द्यायला सांगा. आणि पोच घ्यायला सांगा, शिक्क्यासकट.”

तुझे,
बाबा