लग्नपत्रिकेत मेट्रो स्टेशनही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

यंदा मे महिन्यात माझ्या पुतणीचं लग्न पार पडलं. मुलाकडची मंडळी पुण्याची. त्यांची उतरायची सोय इथे नागपुरात शंकरनगर चौकाजवळच्या एका हॉटेलात केली होती. जेवणाचं, मांडवाचं, बॅन्डचं काम घरातल्या तरुणांनी वाटून घेतलं, आणि रिकामा माणूस म्हणून विमानतळावरून पाहुणे आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं. माणसं अकरा, विमानं तीन, घरच्या गाड्या दोन.

सकाळची खेप नीट झाली. दुपारी दोनच्या विमानाने मुलाचे मामा एकटेच येणार होते. नेमकी तेव्हा एक गाडी फुलं आणायला गेलेली आणि दुसरीची बॅटरी बसलेली. हॉटेलला फोन केला, पाहुण्यांना कसं आणता येईल विचारलं. पलीकडून उत्तर आलं, ‘‘सर, कॅब करून घ्या ना.’’ मी खामल्यात राहतो. कॅबची वाट पाहत बसण्यापेक्षा जयप्रकाश नगर स्टेशनवर गेलो आणि मेट्रोने खापरीच्या दिशेला दुसऱ्या स्टेशनवर, म्हणजे एअरपोर्टला, उतरलो. उतरल्यावर लक्षात आलं की २०१९ साली मेट्रो सुरू झाल्यापासून मी सीताबर्डीला शेकडो वेळा गेलो असेन, पण या स्टेशनवर पाऊल ठेवायची ही पहिलीच वेळ. विमानतळावर जायचं तर गाडीनेच, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलं आहे.

स्टेशन वर्धा रोडवर, टर्मिनल बरंच आत. पायी मला वीस मिनिटं लागली. मे महिन्यातली दुपारी दोनची वेळ आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. डोक्याला दुपट्टा गुंडाळला होता आणि खिशात कांदा होता. (हसू नका. आमच्या आईने सांगितलेलं आहे, आणि मला आजवर ऊन लागलेलं नाही.)

मामा बाहेर आले. गाडी नाही, हे कसं सांगावं याचा मी विचार करत होतो, तोच तेच म्हणाले, ‘‘तुमच्याकडे मेट्रो आहे ना? विमान उतरताना दिसली मला. तिनंच जाऊ या की.’’ मला हायसं वाटलं. पण स्टेशनपर्यंत पुन्हा तेच वीस मिनिटांचं ऊन, आणि आता जोडीला चाकांची मोठी बॅग. एका रिक्षावाल्याला विचारलं. तो म्हणाला, ‘‘मेट्रो स्टेशनले? एवढ्याशासाठी कोण येईन जी! त्यापेक्षा हॉटेललेच सोडून देतो.’’ आणि त्याने एक आकडा सांगितला. मला त्याचा राग आला नाही. तासभर उन्हात उभं राहून त्याला एक भाडं मिळणार, ते त्याने किलोमीटरभरासाठी का घालवावं? त्याची काही चूक नाही, पण आमची पंचाईत झालीच. चाकांची बॅग अर्ध्या वाटेपर्यंत ओढता आली. पुढे खडी आणि फरशीचे तुकडे होते, तिथे मामांनी ती सरळ खांद्यावर घेतली.

पुण्याचा माणूस नागपुरात येऊन नावं ठेवणार, याची मी मनाची तयारी केली होती. मामा म्हणाले, ‘‘आमच्याकडे तरी काय वेगळं आहे? मेट्रो रामवाडीपर्यंत. तिथून लोहगावचं विमानतळ ज्याचं त्यानं गाठायचं.’’ त्या क्षणी हा माणूस मला आपला वाटला.

स्टेशनात शिरलो आणि थंडगार वाटलं. दोघांच्या तिकिटाचे पैसे रिक्षावाल्याच्या आकड्याच्या पाव भागाच्या आसपास झाले. गाडी वर्धा रोडच्या डोक्यावरून निघाली. खाली मूळ रस्ता, त्याच्या वर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर आपण. ही ३.१४ किलोमीटरची दुमजली बांधणी डिसेंबर २०२२ मध्ये गिनीज बुकात गेली, हे मी मामांना जरा छाती फुगवूनच सांगितलं. छत्रपती चौक, अजनी, राहाटे कॉलनी... मामा खिडकीतून उड्डाणपुलावरच्या गाड्या पाहत होते. ‘‘आपली बॅटरी बसली ते बरंच झालं,’’ म्हणाले.

सीताबर्डीला गाडी बदलायची. नवखा माणूस गोंधळतो तो इथे. ऑरेंज लाइनवरून उतरून ॲक्वा लाइनच्या फलाटावर जायचं, आणि तिथे लोकमान्य नगरकडे जाणारी गाडी धरायची. उलट दिशेची धरली तर प्रजापती नगरला, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. बरोबर मी होतो म्हणून प्रश्न आला नाही. झाशी राणी चौक, इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स आणि तिसरं शंकरनगर. जिना उतरलो, चार मिनिटं चाललो, हॉटेल आलं. एअरपोर्ट स्टेशनपासून हॉटेलच्या दारापर्यंत अडतीस मिनिटं लागली. घड्याळ पाहायची सवय नोकरीतली.

आता खरी गोष्ट. रिसेप्शनवरच्या मुलाला मी म्हटलं, आम्ही मेट्रोने आलो. तो म्हणाला, ‘‘हो का? एअरपोर्टवरून येता येते काय?’’ तो ज्या काउंटरमागे उभा होता तिथल्या काचेतून मेट्रोचे खांब दिसत होते. हॉटेलच्या माहितीपत्रकात विमानतळ किती किलोमीटर, रेल्वे स्टेशन किती किलोमीटर, हे छापलं आहे. मेट्रो स्टेशनचं नाव नाही. त्या मुलावर मी डाफरणार होतो, पण तेवढ्यात काउंटरवर आमचीच लग्नपत्रिका दिसली. ‘स्थळ’खाली हॉटेलचं नाव, शंकरनगर चौक, नागपूर ४४००१०. संपलं. ही पत्रिका मी तपासली होती. ऱ्हस्व-दीर्घाच्या चार चुका काढून भावाकडून शाबासकीही घेतली होती.

मी छत्तीस वर्षं रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये काढली. नागपूर स्टेशनवर रात्रपाळीला टपाल निवडणं हे माझं काम. आमच्याकडे पिशवीच्या तोंडाला लेबल असायचं. पिशवी कुठून निघाली, कुठे जायची आणि कोणत्या मार्गाने जायची, हे त्यावर लिहिलेलं. मार्ग न लिहिलेली पिशवी म्हणजे पोरका जीव. आमचे जुने सहकारी रात्रीच्या विमान टपालाच्या गोष्टी सांगत. १९४९ साली ती सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री याच सोनेगावच्या विमानतळावर एकत्र यायची, एकमेकांत पिशव्या बदलून घ्यायची आणि पहाटेच्या आत परत फिरायची. चार दिशांचं टपाल अंधारात इथे अदलाबदल व्हायचं. आणि ज्या खात्यात हे घडलं त्या खात्यातला मी, ४४००१० एवढं लिहून मोकळा झालो. पिनकोड पोस्टमनच्या कामाचा. विमानातून उतरलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग? त्याला मार्ग हवा.

म्हणून माझी विनंती आहे ती आधी हॉटेलवाल्यांना, मंगल कार्यालयांना आणि लग्नघरांना. पत्त्याखाली एक ओळ वाढवा. कोणत्या स्टेशनवर बसायचं, कुठे बदलायचं, कुठे उतरायचं. बसायच्या स्टेशनचं नावही पूर्ण लिहा, कारण आपल्याकडे विमानतळाच्या नावाची स्टेशनं एक नव्हे, तीन आहेत. एअरपोर्ट, एअरपोर्ट साउथ आणि न्यू एअरपोर्ट. परतीच्या दिवशी मामांचा एक भाचा आपल्या मनाने निघाला. नकाशात ‘न्यू’ पाहून त्याला वाटलं, विमानं नव्या टर्मिनलवरूनच सुटत असणार. मी वेळेवर फोन केला म्हणून विमान चुकलं नाही. नावं बदला असं मी म्हणत नाही. पाहुण्याला आधी सांगा, एवढंच.

दुसरी विनंती त्या किलोमीटरभराच्या वाटेबद्दल आहे आणि ती ज्यांच्या अखत्यारीत असेल त्यांना आहे. त्या दुपारी आम्हाला स्टेशन ते टर्मिनल नेणारी एकही गाडी दिसली नाही. अशी गाडी असायलाच हवी, प्रत्येक मेट्रोच्या वेळेला जोडून, आणि ती कुठे उभी राहते हे टर्मिनलच्या दारातच लिहिलेलं हवं. कोचीची मेट्रोही विमानतळापर्यंत जात नाही, पण तिथे आलुवा स्टेशनपासून विमानतळापर्यंत इलेक्ट्रिक बस आहे. माझा मुलगा बेंगळुरूला असतो. तिथलं विमानतळ गावापासून पस्तीसेक किलोमीटर दूर, तरी वायु वज्रच्या बसमध्ये बसलं की मॅजेस्टिकला उतरता येतं, आणि बॅग ठेवायला बसमध्येच जागा असते. आपल्याला पस्तीस किलोमीटर नको आहेत. एक हवा आहे. त्या वाटेवर सावली आणि सलग फूटपाथ झाला तर डिसेंबर-जानेवारीत लोक हौसेनं चालतीलही.

डिसेंबरवरून आठवलं. अधिवेशनाच्या दिवसांत हॉटेलात खोली मिळत नाही आणि वर्धा रोडवर गाडी हलत नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, त्यांत परदेशातून विमानाने येणारेही असतात. राहाटे कॉलनीला उतरून दीक्षाभूमी पायी गाठता येते, हे त्यांना कोणी सांगायला नको का?

रात्री उशिराच्या विमानांना मात्र हा उपाय नाही, हे कबूल. मेट्रो रात्री दहाच्या सुमाराला थांबते. आमची तिसरी खेप साडेअकराची होती. त्या दोघांना मेकॅनिकने सुरू करून दिलेल्या गाडीनेच आणलं.

येत्या नोव्हेंबरात धाकट्या पुतणीचं साक्षगंध त्याच हॉटेलात आहे. पत्रिकेचा मजकूर मी परवाच छापखान्यात दिला. पत्त्याखाली लिहिलं आहे : ‘विमानतळाहून येणाऱ्यांनी एअरपोर्ट स्टेशनवर मेट्रोत बसावे, सीताबर्डीला लोकमान्य नगरची गाडी घ्यावी, शंकरनगर चौकाला उतरावे.’ छापणारा म्हणाला, ‘‘काका, एवढं मावत नाही. गणपती लहान करावा लागेल.’’

मी म्हटलं, करा.

आपला नम्र,
एक निवृत्त टपाल कर्मचारी
खामला, नागपूर