आर्ग्युमेंट कुठे ठेवलेत?

प्रिय निखिल,

तुझं पत्र वाचलं. असेंब्लीत लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या मेन फंक्शनमध्ये स्टॅक (मेमरीतली तात्पुरती चळत) चाचपतोस आणि आर्ग्युमेंटऐवजी, म्हणजे कमांड देताना प्रोग्रॅमच्या नावापुढे लिहिलेल्या शब्दांऐवजी, कचरा हाती येतो म्हणालास. येणारच. तू जीसीसी कंपायलरने लिंक करतोस, म्हणजे तुझ्या आधी सी लायब्ररीचा स्टार्टअप कोड चालून गेलेला असतो. तो आर्ग्युमेंटांची संख्या आरडीआय या रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यात) आणि त्यांच्या पॉइंटरांच्या, म्हणजे मेमरीतल्या पत्त्यांच्या, यादीचा पत्ता आरएसआयमध्ये देतो. स्टॅकच्या माथ्यावर असतो तो नुसता परतीचा पत्ता.

पुस्तकातला पॉपवाला (स्टॅकवरून थेट उचलणारा) कोड अंडरस्कोर स्टार्टसाठी, म्हणजे प्रोग्रॅम जिथून मुळात सुरू होतो त्या जागेसाठी आहे. लायब्ररी न जोडता, ६४-बिट लिनक्सवर तिथून सुरुवात केलीस की आरएसपी (स्टॅकचा माथा दाखवणारं रजिस्टर) दाखवतं तिथे थेट ती संख्या सापडते. ८ बाइट पुढे प्रोग्रॅमच्या नावाचा पॉइंटर, मग एकेक आर्ग्युमेंट, शेवटी शून्य, त्यापुढे एन्व्हायर्नमेंट (प्रोग्रॅमला मिळालेल्या सेटिंग्ज). मात्र तिथे परतीचा पत्ता नसतो. सवयीने रेट (परत जायची सूचना) लिहिलंस, तर प्रोसेसर ती संख्याच पत्ता समजतो. दोन आर्ग्युमेंट दिलीस तर नावासकट संख्या ३, म्हणजे उडी थेट पत्ता ३ वर आणि सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे मनाई असलेल्या मेमरीला हात लावल्याची चूक! म्हणून बाहेर पडायचं ते एक्झिट सिस्टिम कॉलनेच, क्रमांक ६०.

फ्रीबीएसडीवर (६४-बिट) संख्या ठेवलेल्या याच जागेचा पत्ता आरडीआयमध्ये मिळतो. हल्लीच्या मॅकओएसवर लोडरच तुझ्या मेनला बोलावतो. ॲपल सिलिकॉनवर एक्स-शून्य आणि एक्स-एक ही रजिस्टरं बघ.

विंडोजची तऱ्हाच वेगळी. तिथे आर्ग्युमेंटांचे सुटे तुकडे मिळतच नाहीत. गेटकमांडलाइनडब्ल्यू या फंक्शनला हाक मारली की आरएएक्स रजिस्टरमध्ये अख्ख्या ओळीचा पत्ता येतो, अवतरणचिन्हांसकट. तोडायचं काम तुझं. कमांडलाइनटूआर्गव्हीडब्ल्यू ते करून देतं, पण त्यासाठी शेल३२ ही लायब्ररी जोडावी लागते आणि मिळालेली मेमरी लोकलफ्रीने सोडावी लागते. फंक्शनला हाक मारण्याआधी स्टॅकवर ३२ बाइट राखायला विसरू नकोस. लिनक्सवर शेलच (टाइप केलेली कमांड वाचणारा प्रोग्रॅम) ताराचिन्हाच्या जागी जुळणाऱ्या फाइलींची नावं घालून देतो. विंडोजवर तार्‍याचं काय करायचं तेही प्रोग्रॅमनेच ठरवायचं. मला हे कटकटीचं वाटतं.

त्या मानाने डॉस भाबडं. पीएसपीत (डॉस प्रत्येक प्रोग्रॅमसाठी तयार करतं तो माहितीचा भाग) ८०एच वर (एच म्हणजे सोळाच्या पद्धतीतला आकडा) लांबीचा एक बाइट, ८१एच पासून मजकूर, शेवटी ०डीएच (एंटरचं चिन्ह). ओळ सहसा स्पेसने सुरू होते, ती ओलांडायची. खोच एवढीच की डीटीएची (फाइल शोधताना डॉस माहिती उतरवतं तो भाग) मूळ जागाही ८०एचच आहे. आधी फाइल शोधायला गेलास की आर्ग्युमेंट पुसली गेलीच समज. सुरुवातीलाच ओळ दुसरीकडे उतरवून घे.

तूर्त लिनक्सच धर. जीडीबी या डीबगरमध्ये स्टार्टआय ही कमांड देऊन पहिल्याच सूचनेवर थांब आणि आरएसपीपासून आठ-आठ बाइट बघत जा. मग कोड पाठव, मेनवाला आणि स्टार्टवाला दोन्ही.

तुझा,
समीर