पडवीतल्या त्या ‘व्हय म्हाराजा’साठी

आदरणीय काका,

सादर नमस्कार. वेंगुर्ल्याहून परतल्यावर लगेच लिहायचे ठरवले होते, पण दोनदा कागद घेतला आणि दोन्ही वेळा डोळे भरून आल्यामुळे तो तसाच ठेवावा लागला.

आपण पडवीत आमच्यासाठी ग्लोरांथा या काल्पनिक जगातला, पात्रांच्या भूमिका घेऊन खेळायचा खेळ मांडलात, तेव्हा मी झेमेला या संतीणीची उपासक झाले होते. नगरावर आलेला रोग तिने स्वतःवर ओढून घेतला आणि लोकांना वाचवताना प्राण दिला, एवढी तिची कथा मला ठाऊक होती. तिची उपासना करायची म्हणजे नेमके काय करायचे, हे मात्र मला आधी कोणीच सांगितले नव्हते. शहरात ज्या गटात मी खेळत असे, तिथे संत म्हणजे मंत्रांची एक यादी, एवढाच अर्थ होता. तिथे मी एकदा प्रार्थना शब्दांत म्हणू लागले, तर ‘इथे भजन नको, फासा टाक’ असे सुनावण्यात आले आणि माझ्या मालवणी हेलावर हसूही झाले. त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी खेळलेच नाही.

आपण मात्र आधी या जगाची घडण समजावून सांगितलीत. ग्रेग स्टॅफर्ड यांनी 1966 पासून रचत नेलेल्या या जगात जादू एकाच झऱ्यातून येत नाही. देवाचा भक्त देवाच्या कृत्यांचे अनुकरण करत त्याच्यासारखा होत जातो आणि शमन म्हणजे भगतासारखा माणूस आत्म्यांशी देवघेव करतो. 2003 च्या ‘हीरोक्वेस्ट’ या त्या जगाच्या खेळाच्या नियमपुस्तकात एका अदृश्य ईश्वराला मानणारे लोक संतांना देव समजत नाहीत, संत हा ईश्वराकडे जाणारी वाट आधी चालून गेलेला माणूस असतो आणि त्याचे अनुयायी त्याच वाटेने जातात. मांत्रिक ग्रंथांतून मंत्र शिकतो, तर सामान्य माणसाला संताचा आशीर्वाद मिळतो तो सगळी वस्ती एकत्र जमून पुरोहितामागून प्रार्थना करते तेव्हा. हे ऐकताना मला आमच्या गावचे देऊळच दिसू लागले.

माझे बाबा देवळात देवापुढे गावचे गाऱ्हाणे घालत. लहानपणापासून बायकांच्या घोळक्यात मागे उभी राहून ऐकता ऐकता ते मला तोंडपाठ झाले होते, पण ते म्हणण्याचा मान मला कधी मिळणार नव्हता. गेल्या आषाढात बाबा गेले.

खेळातल्या एका बंदरावर रोगाची साथ आली आणि माझी पाळी आली, तेव्हा मी सवयीने फाशाकडे हात नेला. आपण तो वीस बाजूंचा फासा उचलून आपल्या तळहाताखाली झाकून ठेवलात आणि म्हणालात, ‘आधी गाऱ्हाणा घाल. तुझ्या भाषेत.’ मी अडखळत सुरुवात केली, ‘बाये झेमेला, आज ह्या गावार जी काय इडापिडा इली असात, ती दूर कर गे बाये.’ आणि सगळ्यांच्या आधी आपला आवाज आला, ‘व्हय म्हाराजा!’ दुसऱ्या वाक्याला बाकीचे चौघेही आपल्यामागून बोलले. गाऱ्हाणे पुरे होईपर्यंत आपण फाशावरचा हात काढला नाहीत. पुढे फाशावर काय पडले, ते मला खरोखरच आठवत नाही.

समोरचा माणूस मनापासून काही म्हणत असेल, तर ते शेवटपर्यंत ऐकून घ्यावे आणि त्याला हुंकार द्यावा, यासाठी पैसा किंवा विद्वत्ता लागत नाही. तरीही असे सज्जन फार थोडे भेटतात. गाऱ्हाण्याला ‘व्हय’ म्हणणारे कोणी नसेल, तर ते एकट्याचे बोलणे ठरते, हे बाबा नेहमी सांगत. संतांची जादू वस्तीच्या सोबतीवर उभी असते, हे आपले म्हणणे मला त्या क्षणी पुरते उमगले.

शिमग्याला मी गावी येणार आहे. तेव्हा एक संध्याकाळ मोकळी ठेवावी, ही विनंती. बंदरावरचे बरेच आजारी अजून अंथरुणातच आहेत आणि त्यांच्यासाठी बाबांचे उरलेले गाऱ्हाणे मला आपल्या पडवीत म्हणायचे आहे.

आपली कृतज्ञ,
झेमेलेची उपासक