मुंबईला येणाऱ्यांना नुसता पारा सांगून भागत नाही

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात रोज कमाल आणि किमान तापमानाची छोटी चौकट छापली जाते. मुंबईबाहेरून येणाऱ्या माणसाला ती पुरत नाही, किंबहुना कधीकधी ती त्याला चकवते, असा अनुभव आल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

माझे माहेर अकोल्याचे आणि सासर दादरचे, त्यामुळे वर्षभर आमच्याकडे विदर्भातून पाहुण्यांचा राबता असतो. या एप्रिलमध्ये माझे थोरले बंधू परळच्या एका रुग्णालयात तपासणीसाठी आले होते. अकोल्यात त्या दिवशी पारा ४२ अंशांवर होता आणि मुंबईचा आकडा ३४ छापला होता. तो वाचून दादा निर्धास्त झाले, उपरणे आणि पाण्याची बाटली घरीच ठेवून भर दुपारी दादरहून परळला पायी निघाले, आणि अर्ध्या वाटेवर त्यांना भोवळ आली. ज्या माणसाने सारे आयुष्य वऱ्हाडच्या उन्हात काढले, त्याला मुंबईचे ३४ अंश सोसले नाहीत, याचे घरात सर्वांनाच आश्चर्य वाटले.

खरे तर त्यात आश्चर्य काहीच नाही. अकोल्याची हवा उन्हाळ्यात कोरडी असते, घाम आला की लगेच वाळतो आणि वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. मुंबईच्या हवेत मुळातच इतकी वाफ असते की घाम नुसता ओघळत राहतो, शरीर निवत नाही आणि अंगातले पाणी व क्षार मात्र निघून जातात. विदर्भात घरोघरी दिलासा देणारा वाळ्याचा कूलर मुंबईत कुचकामी ठरतो, तो याच कारणाने. हवामान खात्यानेही हा फरक मानला आहे. उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी प्रदेशात किमान ४० अंशांची अट आहे, तर किनाऱ्यावर ३७ अंश झाले आणि पारा सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी चढला की लाट मानली जाते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला उघड्या मैदानावरच्या सोहळ्यात उष्माघाताने १४ जणांचा बळी गेला, तेव्हाही पारा चाळिशीच्या आतच होता, हे आपण विसरू नये.

मुंबईचा उन्हाळा समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यांच्या हाती असतो. हे वारे दुपारच्या आधी सुरू झाले तर पारा आटोक्यात राहतो. मात्र पूर्वेकडून, म्हणजे जमिनीवरून, येणारे तापलेले वारे जोरात असले की खाऱ्या वाऱ्यांना उशीर होतो आणि पारा बघता बघता चढतो. म्हणूनच मुंबईत सर्वांत तापलेले दिवस अनेकदा मे महिन्यात येत नाहीत, ते मार्च-एप्रिलमध्येच येऊन जातात. सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंशांची नोंद आहे. मे महिन्यात आकडा त्याहून बराच कमी दिसतो, पण दमटपणा वाढलेला असतो आणि रात्रीही उकाडा हटत नाही. दिवाळीच्या सुट्टीचा बेत आखणाऱ्यांचीही अशीच फसगत होते. पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे, आणि त्यानंतर आकाश निरभ्र, जमीन ओली व वारा पडलेला, अशा स्थितीत जो दुसरा उन्हाळा सुरू होतो, तो लहान मुलांना आणि वृद्धांना मे महिन्याइतकाच जाचतो.

पावसाळ्याबद्दल मात्र थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. मुंबईत मोसमी पाऊस दाखल होण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून असली, तरी २०२५ साली तो २६ मे रोजीच येऊन थडकला, त्यामुळे मे अखेरीपर्यंत निर्धोक आहे असे गृहीत धरून कोणी येऊ नये. शिवाय ‘मुंबईत पाऊस आहे का?’ हा फोनवरचा नेहमीचा प्रश्नच अपुरा आहे. २६ जुलै २००५ च्या त्या भीषण दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच वेळी कुलाब्याला अवघा ७३. एका शहरातल्या दोन वेधशाळांमध्ये एवढी तफावत पडू शकते, तर ‘मुंबई’ म्हणून एकच आकडा देऊन बोरिवलीला उतरणाऱ्याला आणि परळला जाणाऱ्याला काय बोध होणार?

आणि पावसाहूनही महत्त्वाची असते भरती. शहरातल्या अनेक पर्जन्यवाहिन्यांची मुखे भरतीच्या पातळीखाली येतात. उधाणाच्या वेळी त्यांतून पाणी बाहेर पडत नाही, उलट समुद्राचे पाणी आत येऊ नये म्हणून दरवाजे बंद करावे लागतात आणि सारा भार पंपाने पाणी उपसणाऱ्या उदंचन केंद्रांवर पडतो. म्हणजे तोच पाऊस ओहोटीला झाला तर तासाभरात निचरा होतो, आणि साडेचार मीटरच्या भरतीला गाठून आला तर हिंदमातासारख्या सखल भागात तुंबून राहतो. परळच्या रुग्णालयांकडे जाणाऱ्यांची वाट नेमकी याच भागातून जाते. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना हे सारे तोंडपाठ आहे. तिथीची पाऊणपट करावी म्हणजे पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते, चतुर्थीला सुमारे तीन वाजता आणि अमावास्या-पौर्णिमेला दुपारी व मध्यरात्रीच्या आसपास. महानगरपालिकाही मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी पावसाळ्याआधी जाहीर करते, पण ती गोंदिया-अमरावतीहून रात्रीच्या गाडीने निघालेल्या रुग्णापर्यंत पोहोचत नाही. तो बिचारा साचलेल्या पाण्यातून वाट काढतो, आणि पायाला जखम असेल तर लेप्टोचा, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाचा, धोका पत्करतो. अशा पाण्यातून चालावे लागल्यास चोवीस ते बाहत्तर तासांत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक गोळ्या घ्याव्यात, हे तरी त्याला कोणी सांगायला हवे.

हिवाळा त्या मानाने सुखाचा असतो, परंतु तोही हमखास कोरडा नसतो. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी चक्रीवादळामुळे, महापरिनिर्वाण दिनाच्या तोंडावर, शिवाजी पार्कवर जमलेल्या अनुयायांवर पाऊस कोसळला आणि त्यांची सोय पालिकेच्या शाळांमध्ये करावी लागली.

म्हणून माझी आपणांस विनंती आहे की, त्या चौकटीत कमाल-किमान तापमानासोबत हवेतील आर्द्रता छापावी, कुलाबा आणि सांताक्रूझचे आकडे स्वतंत्र द्यावेत, आणि जून ते सप्टेंबर या काळात भरतीची वेळ व उंची द्यावी. जागा दोन ओळींचीच लागेल. मात्र ही चौकट केवळ मुंबई आवृत्तीत नको, मुंबईबाहेरच्या आवृत्त्यांतही हवी, कारण तिची खरी गरज गाडीत बसण्यापूर्वी असते. दादांची पुढची तपासणी ऑगस्टमध्ये आहे. त्या दिवशीची भरती किती वाजता आहे, हे मी त्यांना आदल्या रात्री फोन करून सांगेन. ज्यांचे मुंबईत कोणीच नाही, त्यांना ते आपल्या दैनिकातून कळावे.

आपली विश्वासू,
एक वाचक, दादर, मुंबई