पुनर्वसूसाठी तासभर अंधार हवा

महोदय,

पुनर्वसू नक्षत्रातला ठळक तारा पोलक्स आपल्यापासून सुमारे ३४ प्रकाशवर्षांवर आहे. व्यासाने सूर्याच्या जवळपास ९ पट असलेल्या या नारिंगी राक्षसी ताऱ्याभोवती गुरूच्या दुपटीहून अधिक वस्तुमानाचा ग्रह फिरतो. एका फेरीला सुमारे ५९० दिवस! ग्रहाच्या ओढीने तारा किंचित डोलतो; त्यावरून २००६ मध्ये त्याची खात्री पटली. आपला सूर्यही अंदाजे ५०० कोटी वर्षांनी असाच फुगेल, हे सांगितलं की माझ्या शिकवणीतली मुलं खिडकीकडे धावतात. पण उपवन तलावाच्या काठी त्यांना न्यावं तर प्रखर दिव्यांनी डोळे दिपतात. मार्चच्या मध्यास रात्री ९ च्या सुमारास पुनर्वसू जवळजवळ डोक्यावर असतो. तेव्हा एक रात्र तरी तासभर हे दिवे मंद करावेत, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त भूगोल शिक्षिका, वर्तकनगर, ठाणे