रव्या, सही करायच्या आधी हे वाच

प्रिय रव्या,

नागपूरच्या महाल भागातला वाडा बिल्डरला द्यायचं तुमच्याकडे जवळपास ठरलं म्हणे. वहिनींनी फोनवर सांगितलं तेव्हापासून डोक्यात तेच घोळून राहिलं यार, म्हणून मेसेजवर न आटोपता नीट लिहायला बसलो.

पोरीकडे इंग्लंडला गेलो होतो ना, तेव्हा एसेक्समधल्या कॉगेशल गावचं पेकॉक हाऊस पाहिलं. बाजाराचं गाव, आपल्या इतवारीसारखी कापडाची जुनी पेठ. थॉमस पेकॉक नावाच्या कापड व्यापाऱ्यानं १५०९ च्या सुमारास ते बांधलं, सगळा सांगाडा ओकचा, आणि समोरच्या कोरीव लाकडात त्याच्या नावाची अक्षरं. पुढे ते बक्स्टन घराण्याकडे गेलं, मग विकलं गेलं, हाल झाले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तर पाडायलाच निघाले होते. १९०४ मध्ये त्याच बक्स्टन घराण्यातल्या नोएल बक्स्टननं ते परत विकत घेतलं, दुरुस्त करवलं आणि १९२४ मध्ये नॅशनल ट्रस्टला, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या तिथल्या संस्थेला, देऊन टाकलं.

पण मला तुला सांगायचंय ते लाकडाचं. ही घरं बांधताना ओक ओला असतानाच घडवायचे, एका लाकडाला खाच, दुसऱ्याला जीभ, आणि दोन्हींतून आरपार लाकडी खुंटी. लाकूड वाळत गेलं की सांधा अजूनच आवळतो. जोडणी आधी जमिनीवर करून बघायची, कुठलं कुठे बसतं ते कळावं म्हणून दोन्ही तुकड्यांवर सारखीच खूण कोरायची, मग उचलून उभं करायचं. वजन सगळं सांगाड्यावर, भिंत म्हणजे नुसती भर.

तुमच्या वाड्यातही तेच आहे बे! सागवानी खांब, खाली दगडी तळखडा म्हणजे ओल लाकडापर्यंत चढत नाही, वर तुळया, त्यावर पाट्या. मागची भिंत फुगली म्हणून इंजिनियर "वाडा गेला" म्हणून राहिला, पण खांब ओळंब्यात, म्हणजे सरळ उभे, आहेत की नाही ते त्यानं बघितलं का? वाळवी लागली असेल तरी पूर्ण खांब जात नाही, खराब झालेलं बूड तेवढं कापून खाली नवीन सागवान सांधता येतं, तिकडे असंच करतात. भोसल्यांचा राजवाडा १८६४ मध्ये जळाला, तिथे कोणाचा इलाज नव्हता. इथे आहे. चिटणवीस वाडा तुमच्याच महालात उभा आहे ना, एकदा जाऊन त्याचे खांब बघून ये.

काकूंना आणि धाकट्याला पैसा हवाय हे मला समजतं, त्यात त्यांचं काही चुकलं नाही. फक्त कागदावर सही करायच्या आधी जुनी लाकडं जाणणारा एखादा सुतार आणून एकेक खांब ठोकून बघ. रविवारी मी येतो, सोबत बघू. तोवर बिल्डरला थांबव.

तुझा,
सुध्या