ओटा तुझ्या उंचीचा आहे, आई

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

फोनवर सांगितलं असतं तर बाबा नुसतं "बरं" म्हणाले असते, आई रडली असती आणि माझं पुढचं बोलणं राहून गेलं असतं. म्हणून लिहिते आहे. कोथरूडला आयडियल कॉलनीजवळ तो वन बीएचके बघितला होता ना, त्याचं टोकन मी शनिवारी दिलं. तुम्हाला न विचारता दिलं, ते मनाला लागून राहिलंय. पण दुसरं गिऱ्हाईक मालकांकडे येऊन बसलं होतं, आणि पाऊस दोन महिन्यांवर आलाय.

चिपळूणचं घर विकायचं नाही. हे खरं तर सगळ्यात आधी लिहायला हवं होतं.

चौकटीवर आमच्या उंचीच्या रेघांशेजारी बाबांनी २००५ च्या पुराची रेघ मारली होती. २२ जुलै २०२१ ला पाणी त्या रेघेच्या वर हातभर गेलं. तुम्ही दोघं अण्णांच्या माडीवर ओल्या कपड्यांत, आणि इकडे मी लागत नसलेला फोन रात्रभर लावत होते. तेव्हापासून जुलै आला की मला झोप नाही. बाबा, तुमचं आता शहात्तर, आणि आईचे गुडघे हे असे. ती माडी पुन्हा चढायची वेळ यायला नको.

आमच्याकडे राहा म्हटलं तर आई म्हणते, जावयाच्या घरी चार दिवसच बरे. मग हे तुझं घर, आई, कागदावरही तुझ्या एकटीच्या नावावर. बाईच्या नावावर घेतलं की मुद्रांक शुल्क एक टक्का कमी लागतं, म्हणजे ६५ लाखांवर ६५ हजार वाचतात. पण नुसतं तेवढ्यासाठी नाही गं. पैशांचं दादा आणि मी बघतोय. बाबांच्या एफडीला हात लावायचा नाही.

इमारत जुनी आहे, जिन्याचा रंग उडालाय. पण पहिला मजला, शिवाय लिफ्ट. लाइट गेली तरी अठराच पायऱ्या. मी चप्पल काढून ओट्यापाशी उभी राहिले. आपली दोघींची उंची सारखीच ना! कोपर नीट वाकतं, खांदा उचलावा लागत नाही. खिडकीत सकाळचं ऊन येतं, बरण्या ठेवायला जागा आहे. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घेते. झोपाळा मात्र बसत नाही. टेप लावून तीनदा मोजलं. तो तिथेच राहू दे, गणपतीला जाऊ तेव्हा बसू.

पौड रोडला आवाज आहे, ते लपवत नाही. पण बिल्डिंग आतल्या गल्लीत आहे. वाणी, गिरणी, रक्त तपासायचं सगळं खालीच. दशभुजा गणपतीला रिक्षानं पाच मिनिटं. यशवंतराव नाट्यगृहातल्या नाटकांच्या जाहिराती बाबा पेपरात वाचतात, आता तिथे जाऊन बसता येईल. आणि घराची आठवण आली की मेट्रोनं सिव्हिल कोर्टला बदलून थेट स्वारगेट, पुढे एसटी. पंचाहत्तरीनंतर बाबांना तिकीट नाही, आईला अर्धं. कोणाला विचारायला नको, मलासुद्धा.

आता सांगते ते नीट ऐका. आधार, पॅन आणि फोटो एकाच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. दस्त नोंदवताना अंगठा मशीनवर घेतात. आई, रेशनला तुझा ठसा उमटत नाही म्हणतेस, तेव्हा आजपासून रोज रात्री हाताला खोबरेल लाव. बाबांनी माळ्यावर चढायचं नाही, पितळेची भांडी मी येऊन काढीन. शुगरच्या गोळ्या महिन्याभराच्या घ्या. आणि सगळ्यांना सांगत बसू नका की मुलीनं नेलं. चार महिने पावसाळ्यापुरतं जातोय म्हणा. नाही आवडलं तर दिवाळीला मी स्वतः परत सोडीन, शपथ.

मे संपायच्या आत गाडी घेऊन येते. कुंभार्ली घाटात मला मळमळायला लागलं की बाबा खिशातून आवळासुपारीची डबी काढायचे आणि घाट संपेपर्यंत माझं डोकं मांडीवर घेऊन बसायचे. या वेळी डबी माझ्याकडे असेल. बाबांनी पुढच्या सीटवर बसायचं, आणि आईनं मागे उशी घेऊन पाय पसरायचे.

तुमची,
मनू